खुंटाचं पान

शनिवार, २४ मे २०२५

डोकं फिरलंय. ही डायरी खतवाल्याने जानेवारीत दिली तेव्हापासून कोरी पडली होती. आज हिच्यावरच राग काढतो. घरात काढला तर दर्शना म्हणते, आवाज खाली, शेजारी जेवतायत.

रत्नागिरीत आंबा प्रदर्शनाला गेलो होतो. कोपऱ्यात एका कंपनीचा झकपक स्टॉल, वर बोर्ड : 'सागरगोडी. अत्याधुनिक जनुकतंत्राने विकसित. साका नाही म्हणजे नाही.' म्हटलं बघू तरी, हापूसच्या पोटातला तो पांढरा स्पंजासारखा साका कोणी घालवलाय ते. फोड तोंडात टाकली आणि तिथेच खांबासारखा उभा राहिलो. देठाकडची लाली, सालीचा तो उग्र वास, शेवटाला किंचित आंबटपणा. अरे, हा माझा 'राजाराम'! बाबांचं नाव दिलेला, माझ्या रोपवाटिकेतला!

स्टॉलवर कोण, तर ओमकार. सहा वर्षांपूर्वी गाडी घेऊन रोपवाटिकेत आला होता, "काका, कलमाला दोन काड्या मिळतील का, घरी लावायच्यात," म्हणाला होता. मी दिल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून दिल्या, वर चहा पाजला. बाबांची शिकवणच तशी, काडी मागणाऱ्याला नाही म्हणू नये, कलमवाल्याचा तो धर्म आहे. आज त्याच्यापुढे उभा राहिलो तर म्हणतो, "काका, आंबा आंब्यासारखा लागणारच ना." वर पत्रक हातात दिलं. वाणाच्या नोंदणीसाठी अर्जसुद्धा केलाय हरामखोराने.

त्यांचं एक रोप विकत घेतलं. माझंच पोर मी दुकानातून आणलं म्हणायचं.

रविवार, २५ मे

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी सानवीला सगळं सांगितलं. ती कॉलेजात बायोटेक शिकते, शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे हल्ली आम्हाला काही कळत नाही असं तिचं मत आहे. पण आज कामाला आली. म्हणाली, "पप्पा, चोरी पकडणं सोपंय. कलम म्हणजे झेरॉक्स. काडीतली पेशी दुभंगते तेव्हा आधी आतल्या चाळीस गुणसूत्रांची नक्कल करते आणि दोघींना सारखी वाटून देते. दोनाच्या चार, चाराच्या आठ, सगळ्या त्याच. त्यांचं रोप आणि आपलं झाड, दोघांची पानं लॅबला द्या. डीएनए तंतोतंत जुळला की संपलं."

मी म्हटलं, "आणि ते म्हणाले की आम्ही आंब्याच्या बाठ्यातून वाढवलंय, तर?"

"बाठ्यातून तसंच झाड येतच नाही. बाठ्यात वीस गुणसूत्रं आईची, वीस बापाची, तीसुद्धा पत्ते पिसल्यासारखी पिसून. बापाचे पराग कुठल्या माशीने कुठून आणले ते देवाला ठाऊक. म्हणून मी तुमच्यासारखी तिरसट आणि आईसारखी देखणी."

हे तिला कोणी विचारलं होतं?

मग म्हणाली, "पण आपलं पहिलं झाड कुठून आलं?" म्हटलं, वहाळापलीकडे बौद्धवाडीत हौसाच्या परड्यात एक मोठं झाड आहे, तिथून. तेरा वर्षं झाली. तिचा नवरा बाबू होता तेव्हा. मी काडी मागितली, त्याने दिली, विषय संपला. ती माणसं त्या आंब्याचं लोणचं घालायची, लोणचं! त्यात साका धरत नाही हे हेरलं कोणी? मी. कलमं बांधली कोणी? मी. नाव दिलं कोणी? मी. सानवी मोबाईलमध्ये डोकं घालून बसली.

बुधवार, २८ मे

अर्ज लिहिला. आधी कंपनीवर हरकत, आणि सोबत वाण माझ्या नावाने नोंदवा म्हणून वेगळा. सरकारी अर्जात काय काय विचारतात! फळाचं वजन, देठाचा रंग, पानाची लांबी. एक रकाना 'वाणाचा उगम'. त्यात लिहिलं, 'माझे वडील कै. राजाराम यांनी आमच्या परसात रुजवलेल्या बाठ्यापासून.' आता इथे कुठे वहाळ, कुठे बाबू, कुठे लोणचं सांगत बसणार? रकाना दोन ओळींचा. आणि बाबांनी ते झाड पोटच्या पोरासारखं वाढवलं हे तर खरंच आहे ना.

शेवटी एक वाक्य छापलेलं होतं, मूळ काडी, बी जे काही असेल ते कायदेशीर मार्गाने मिळवलं आहे. त्याखाली सही. बघू आता ओमकारशेट इथे कशी सही करतात!

हौसा आज पिशव्या भरायला आली होती. सत्तरी उलटली, तरी माती कालवून भराभर पिशव्या भरते, तरण्या बायका मागे पडतात. बारा वर्षं येतेय, कधी खाडा नाही. तिला सांगितलं, "काकी, आपला आंबा चोरला हो कंपनीने." ती म्हणाली, "चोरला म्हंजे? झाड तर हाय जाग्यावर."

तिला समजावणं म्हणजे कातळावर पाणी ओतणं. म्हटलं, झाड नाही, वाण चोरला, त्याच्या आतलं जनुक चोरलं. तर विचारते, "मंग त्येंनी त्येच्यात नवीन काय घातलानी?" मी म्हटलं, काही नाही, नुसतं नाव घातलं.

"नावच ना," म्हणाली आणि पुढची पिशवी उचलली.

शुक्रवार, ६ जून

दापोलीला जाऊन आलो. एसटीत हाडं खिळखिळी झाली. लॅबमधल्या मॅडमनी फोनवर बजावलं होतं, पानं कोवळी हवीत, जून पानात चीक फार. आता आमच्या झाडाला यंदा वर एकही कोवळं पान नाही, सगळी हिरवीकंच जून. शेवटी बुंध्याशी एक लालसर फुटवा मिळाला, त्याची पाच-सहा पानं खुडली. पाकीट 'अ' कंपनीचं रोप, पाकीट 'ब' माझं झाड. ओलं फडकं, बर्फाचा डबा, सगळं सांगितल्याप्रमाणे. मॅडम म्हणाल्या, दोन आठवडे लागतील.

येताना पोटात नुसता आनंद. ओमकारचं तोंड कसं होईल त्याचं चित्र खेडपर्यंत बघत आलो. मग मागच्या सीटवरचं पोर माझ्या पाठीवर ओकलं.

शुक्रवार, २० जून

जुळत नाही!

रिपोर्ट आला. 'नमुना अ व नमुना ब हे एकाच वाणाचे नाहीत.' खाली पट्ट्यापट्ट्यांचं चित्र, एकीची पट्टी दुसरीला लागेल तर शपथ. तीनदा वाचला. मग दर्शनाला वाचायला दिला, जसं काही तिने वाचल्यावर बदलणार होतं.

मी ठणाणा केला. लॅब विकली गेली, कंपनीने हात ओले केले, या देशात प्रामाणिक माणसाने कलमं बांधूच नयेत. अरे, जिभेला कळतं ते यंत्राला कळत नाही? चाळीस वर्षं आंबा खातोय मी! कप फोडला. दर्शनाच्या माहेरचा निघाला.

सानवी कॉलेजातून आली, रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "पप्पा, पानं कुठली तोडली होतीत?"

"आपल्या झाडाची! अजून कुठली?"

"झाडाची कुठली?"

"बुंध्याजवळची. कोवळी तीच होती."

ती डोकं धरून खुर्चीत बसली. "पप्पा, तुम्ही कलमवाले आहात ना?"

लिहायची लाज वाटतेय. कलमाचा सांधा असतो गुडघ्याएवढ्या उंचीवर. त्याच्या वर काडीचं झाड, खाली खुंट. खुंट म्हणजे भलत्याच कुठल्यातरी रायवळ बाठ्याचं रोप, मुळं नुसती त्याची. खुंटाला फुटवा आला की खुडायचा, नाहीतर तो वरच्याचं सत्त्व खातो, हे मी नव्या बायकांना ओरडून ओरडून शिकवतो. आणि मी स्वतः त्याच खुंटाची पानं बर्फात घालून दापोलीला नेली. हजारो कलमं बांधली असतील या हातांनी. पोराला एबीसीडी शिकवावी आणि स्वतःची सही चुकावी तसलं झालं.

पण मग एकदम हलकं वाटलं. म्हणजे लॅब बरोबर, मीही बरोबर! फक्त पान चुकलं. उद्याच मॅडमना फोन लावतो.

शनिवार, २१ जून

फोन केला. चूक मोकळेपणाने सांगितली, हसलोसुद्धा. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वरची पानं पाठवा, तपासून देते. पण तुमच्या अर्जाची प्रत तुम्ही सोबत जोडली होतीत. त्यात हे झाड बाठ्यापासून उगवलेलं मूळ झाड आहे असं लिहिलंय."

मी म्हटलं, "हो."

"बाठ्यातून उगवलेलं झाड एका पेशीपासून वाढतं. मुळापासून शेंड्यापर्यंत कुठलंही पान घेतलं तरी एकच यायला हवं. तुमच्या झाडाची खालची पानं आणि वरची पानं वेगळी निघाली तर ते कलम आहे. मग मूळ झाड कुठे आहे?"

रेंज गेली म्हणून फोन ठेवला. रेंज होती.

सानवीला सांगितलं तर म्हणते, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग बोलली का नाहीस? "बोलले असते तर ऐकलं असतंत?" हे हल्लीचं शिक्षण.

बुधवार, २ जुलै

वरच्या पानांचा रिपोर्ट आला. कंपनीच्या रोपाशी तंतोतंत. शंभर टक्के जुळतो, चोर सापडला, आणि मी दिवसभर कुत्र्यासारखा या दगडी गडग्यापासून त्या गडग्यापर्यंत फिरतोय. कारण तोच रिपोर्ट आता ओरडून सांगतोय की माझं झाड कलम आहे. ओमकारला दोरीने बांधावं तर दोरीचं दुसरं टोक माझ्याच कमरेला.

रात्री सानवीशी कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, बाबूने मला राजीखुशीने काडी दिली होती. ती म्हणाली, तुम्हीही ओमकारला राजीखुशीनेच दिली होतीत. मी म्हटलं, त्याने फसवलं, घरी लावायचीय म्हणाला आणि नाव बदलून अर्ज केला. ती म्हणाली, "आणि तुम्ही?"

मी ताटावरून उठलो. माझं आणि त्याचं एकच? मी गावातला माणूस. मी बारा वर्षं तिला काम दिलं. वेळेवर मजुरी दिली, दिवाळीला साडी. बाबू गेला तेव्हा स्मशानात गेलो होतो. कंपनीवाला गेला असता?

कढी तशीच राहिली. आवडती होती.

मंगळवार, ८ जुलै

आज जे झालं ते नीट लिहितो.

पाऊस कोसळत होता, म्हणून हौसा पिशव्या सोडून शेडमध्ये आली. पदराखालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. "संदेश, ह्यो जरा वाच. त्यो गाडीवाला काल आलेला परड्यात. झाडाचे फोटू काढलान, बुंध्याची पानं, शेंड्याची पानं खुडून नेलान आनि ह्यो कागद दिलान. सही कर बोलला. मी बोलली, संदेशला दाखवल्याबिगर नाय करनार. चष्मा फुटलाय, बारीक अक्षरं दिसत नाय."

ओमकार! कोणाच्या तरी तोंडून कळलं असणार त्याला मूळ झाड कुठे ते. कागद वाचला. 'मी खाली सही करणार, माझ्या परसातील आंब्याच्या झाडाच्या काड्या कंपनीस स्वखुशीने दिल्या असून सदर वाणावर माझा व माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही.' बस्स. खालच्या ओळीवर पेन्सिलीने फुली.

खरं लिहायचं तर पहिला विचार काय आला? हा कागद फाडायचा, आणि असाच एक माझ्या नावाचा करून घ्यायचा. ती सही करेल. मी सांगितलं तर करेल. बारा वर्षांत तिने मला कधी नाही म्हटलेलं नाही. हातात कागद, समोर ती, पत्र्यावर पावसाचा धडधडाट, आणि माझ्या डोक्यात हे.

"काय लिवलाय?" तिने विचारलं.

मी वाचून दाखवला. अक्षर न् अक्षर. का ते माहीत नाही. कदाचित सानवी मागच्या दारात उभी होती म्हणून.

ऐकून ती म्हणाली, "काडी मागतात लोकं, आपन देतो. तू पन मागितलीस, तवा कुठं कागद आनलेलास?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच विचारायचं होतं, या वेळी कागद कशाला लागतोय ते. मला त्याचंच जास्त लागलं. मी म्हटलं, "काकी, मी त्याला राजाराम नाव दिलं, चारचौघांत विकलं. तुम्ही पिशव्या भरत होतात, पाटी समोर होती. एकदा तरी बोलायचं!"

"काय बोलनार?"

"झाड आमचं आहे, असं."

हौसा पदराने हात पुसत होती. "आमच्या वाडीत बाबल्याचा आंबा बोलतात त्याला. माजा पोरगा, थोरला. चार वरसांचा आसताना खाऊन बाठा न्हानीच्या पान्यावर पुरलान. रोज जाऊन उकरायचा, आला काय बगायला. मी मारायची, आरे उकरू नको, जगनार नाय. तर जगला." मग म्हणाली, "झाडच जगला. पोर तापानं गेला. सात वरसांचा होता."

बारा वर्षं ही बाई माझ्याकडे येतेय. बाबू माहीत होता, धाकटा मुलगा मुंबईला आहे तो माहीत आहे. बाबल्या माहीत नव्हता.

"तू तुज्या बापाचा नाव ठेवलास, बरा केलास," ती म्हणाली. "माज्या पोराचा नाव कोनी इचारलाच नाय."

आणि पाऊस कमी झाला म्हणून उठून पिशव्या भरायला गेली.

बुधवार, ९ जुलै

काही लिहिण्यासारखं नाही. चिडचिड. 'राजाराम'ची पाटी काढायला गेलो तर खिळा गंजलेला, निघेना, अंगठा सोलवटला.

शनिवार, १२ जुलै

सानवी म्हणते अर्ज मागे घ्या आणि काकींच्या नावाने नवा करा, शेतकऱ्याचा वाण म्हणून तिचाच हक्क आहे, पुरावा तर तुम्हीच गोळा केलाय. तुम्हीच गोळा केलाय! काय गोड बोलते पोरगी. दर्शना म्हणते, करा बाई एकदाचं आणि घरातले कप वाचवा.

मला एकच सांगा, मी काहीच केलं नाही का? ते झाड परड्यात एकटं उभं राहिलं असतं, एक दिवस म्हातारं होऊन पडलं असतं, आणि तो आंबा जगातून गेला असता. आज त्याची पाच-सहाशे झाडं आहेत, ती माझ्या हातची. सानवी म्हणते, आहे ना, अर्जात खाली वेगळा रकाना आहे, 'प्रसार करणारा', तिथे लिहा तुमचं नाव. खाली. वेगळा रकाना.

बाबा असते तर काय म्हणाले असते? ते म्हणायचे, काडी मागणाऱ्याला नाही म्हणू नये. ज्याने दिली त्याचं काय, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

रविवार, २० जुलै

नवा अर्ज लिहून काढला. कोणाचं तरी अक्षर लागणारच, म्हणून मीच लिहिला. उगम : 'अर्जदार हौसाबाई यांचा थोरला मुलगा कै. बाबल्या याने परसात रुजवलेल्या बाठ्यापासून.' दोन ओळींत बरोबर बसलं. वाणाच्या नावाच्या रकान्यात 'राजाराम' नाही, 'बाबल्या' लिहिलं. कंपनीवरची हरकत आता तिच्या नावाने जाईल आणि काडी कोणी कोणाला दिली, खुंट कुठला, झाड कोणाचं, सगळं त्यात खरं लिहिलंय, माझा पहिला अर्जसुद्धा. ओमकार त्यावरून माझी इज्जत काढणार. काढू दे.

सानवीने हौसाच्या झाडाची बुंध्याची आणि शेंड्याची पानं आधीच दापोलीला पाठवली होती, मला न विचारता. काल निकाल आला. मुळापासून शेंड्यापर्यंत एकच.

सकाळी अर्ज घेऊन वहाळ ओलांडून गेलो. तेरा वर्षांनी त्या परड्यात पाय ठेवला. काकींनी खुर्ची दिली, चहा दिला. अर्ज मोठ्याने वाचला. बाबल्याच्या ओळीला त्या म्हणाल्या, "परत वाच." परत वाचला. मग मी शेवटचं पान उलटलं, जागा दाखवली, आणि खिशातून शाईचं पॅड काढून त्यांच्यापुढे उघडं धरलं.

त्या पॅडकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे.

"पेन दे," म्हणाल्या.

कागद मांडीवर घेतला, डोळे बारीक केले आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं सुटं काढून, पूर्ण नाव लिहिलं. माझ्यापेक्षा वळणदार. सही करताना म्हणाल्या, "आमच्या विहारात रातचा वर्ग आसायचा. बाबू आनि मी एका पाटीवर शिकलाव." कुठेही खाडाखोड नाही.

मी पॅड तसंच खिशात कोंबलं, बंद करायचं राहिलं. शर्टाचा खिसा निळा झालाय. दर्शना म्हणते, हा डाग आता जात नाही.